जन्मवजनाची वही आणि सरकारी आदेश

आजचा विषय ऐकायला जड आहे: आरोग्यसमता, तिच्यावरचं संशोधन आणि त्या संशोधनातून बनणारं सरकारी धोरण. मी डॉक्टर नाही. फौजेत आयुष्य गेलं, आता नंजनगूडला कपिला नदीच्या काठी राहतो. पण हा विषय मला या गावात आल्यावरच नीट कळला. त्याचं कारण इथून पंचवीस किलोमीटरवर, म्हैसूरच्या एका जुन्या हॉस्पिटलच्या दप्तरात आहे.

त्याआधी एक शब्द साफ करून घेऊ. समानता आणि समता या दोन गोष्टी आपण एकच समजतो. फौजेत हा फरक फार लवकर शिकायला मिळतो. सगळ्या जवानांना बूट मिळतात, ही समानता. पण सगळ्यांना आठ नंबरचा बूट दिला, तर निम्मी पलटण दुसऱ्या दिवशी लंगडत येईल. रेशनचंही तसंच. मैदानातल्या छावणीला जे रेशन मिळतं, तेवढंच बारा हजार फुटांवरच्या चौकीला दिलं तर कागदावर अन्याय काहीच नाही, पण वरचा माणूस झिजत जातो. म्हणून उंचीवरच्या तुकडीचं रेशन वेगळं असतं, आणि त्याबद्दल खालचा कुणी तक्रार करत नाही.

मार्गारेट व्हाइटहेड या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९९० च्या सुमारास याची सोपी व्याख्या केली. आरोग्यातला जो फरक टाळता येण्यासारखा आहे, गरजेचा नाही आणि अन्यायाचा आहे, तो विषमतेत मोजायचा. म्हाताऱ्याला तरुणापेक्षा जास्त आजार होतात, ही विषमता नव्हे. पण बाळ कुठल्या घरात जन्मलं त्यावरून पन्नाशीतला त्याचा आजार ठरत असेल, तर ती विषमता आहे.

आता हे ठरतं की नाही, ते शोधायचं कसं? पन्नास वर्षं कुणाच्या मागे कोण फिरणार? इथे म्हैसूरची वही उपयोगी पडली.

म्हैसूरचं होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल इथले लोक मिशन हॉस्पिटल म्हणून ओळखतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेलं हे बाळंतपणाचं हॉस्पिटल. तिथे १९३४ पासून जन्मलेल्या बाळांची वजनं, लांबी, डोक्याचा घेर हे सगळं नोंदवून ठेवलेलं होतं. भारतातल्या किती हॉस्पिटलांनी साठ वर्षांपूर्वीचे कागद वाळवीपासून वाचवले असतील याचा विचार करा. माझ्या मते ही नोंद लिहिणाऱ्या आणि ती फेकून न देणाऱ्या परिचारिकांचं आणि कारकुनांचं काम कुठल्याही प्राध्यापकाच्या कामापेक्षा कमी नाही. फौजेत आम्ही म्हणायचो की लढाई जवान जिंकतो, पण पलटण टिकवतो तो रजिस्टर लिहिणारा हवालदार.

इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर त्या काळी एक विचित्र वाटणारी गोष्ट सांगत होते: हृदयविकाराची बीजं आईच्या पोटात पडतात. जन्मतः लहान असलेल्या मुलांना पुढे हृदयविकार जास्त होतो, असं त्यांना तिथल्या जुन्या नोंदींत दिसलं होतं. भारतात हे खरं आहे का, हे पाहायला त्यांचे सहकारी म्हैसूरला आले. हॉस्पिटलच्या आसपासच्या वस्त्यांत घरोघर जाऊन त्यांनी इथे जन्मलेली माणसं शोधली आणि वहीतल्या नोंदींशी त्यांचा मेळ घातला. १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेले ५१७ स्त्री-पुरुष त्यांना तपासायला मिळाले. त्याचा निबंध १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला.

निकाल असा: पंचेचाळिशी ओलांडलेल्यांमध्ये, जन्माच्या वेळी साडेपाच पौंड म्हणजे अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण ११ टक्के निघालं. सात पौंडांच्या आसपास आणि त्याहून जास्त वजन असलेल्यांत ते ३ टक्के होतं. बाळ लहान आणि गरोदरपणात आईचं वजनही ४५ किलोच्या खाली, अशा जोडीत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. हे लोक सिगारेट किती ओढतात, तूप किती खातात, हे प्रश्न नंतरचे. त्यांच्या आईला १९४० साली काय खायला मिळालं, याची पावती त्यांच्या हृदयावर होती.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे: आईला खायला घाला, बाळाचं वजन वाढवा, हृदयविकार कमी होईल. पण त्याच वहीतून मधुमेहाचा हिशेब केला तेव्हा उलटं दिसलं. म्हैसूरमध्ये मधुमेह जास्त झाला तो उंचीच्या मानाने गुबगुबीत जन्मलेल्यांना आणि वजनदार आयांच्या मुलांना. मग आईला खायला घालायचं की नाही?

या कोड्याचा दुसरा धागा आपल्या पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. जवळजवळ पाऊण किलोचा फरक. पण हे पाऊण किलो कुठून कमी झालं ते पाहिलं, तर मांस, पोटातले अवयव, हाडं यांत बाळ लहान होतं, आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बाळ दिसायला हडकुळं, पण आतून चरबीचं. याला ते 'कृश तरी मेदयुक्त' म्हणतात.

याज्ञिकांनी हे स्वतःवरही दाखवलं. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी एक फोटो छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत उभं करतो, शरीर करत नाही. भरतीच्या मैदानावर मी शेकडो पोरं उंची आणि वजनाच्या पट्टीखालून जाताना पाहिली आहेत. पट्टीला फक्त आकडा दिसतो.

आता दोन्ही धागे जोडा. एक मुलगी कमी वजनाची जन्मली. तिचं शरीर कमी अन्नावर चालायला तयार झालं. पुढे ती शहरात आली, किंवा गावातच कष्ट कमी झाले आणि भात, साखर, तेल वाढलं. तिचं वजन वाढलं, गरोदरपणात साखर चढली. ती साखर बाळाकडे गेली आणि बाळ गुबगुबीत जन्मलं. त्या बाळाला पुढे मधुमेह. उपासमार आणि अतिपोषण हे दोन वेगळ्या माणसांचे आजार नाहीत, एकाच बाईच्या आयुष्याचे ते दोन भाग आहेत. गरिबीतून वर येणाऱ्या घरावर हा भार सगळ्यात जास्त पडतो. आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यातला मोठा भाग अशा घरांतला आहे, असं मला वाटतं. माझ्या ओळखीच्या निवृत्त जवानांकडे पाहिलं तरी तेच दिसतं. वडील कोरडवाहू शेतकरी, स्वतः फौजेत पोटभर जेवलेला, आणि पन्नाशीत इन्सुलिन.

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली, ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं मोठी होती. आणि दोन तृतीयांश आयांत ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. हे मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. गरोदरपणात सरकारी गोळीतून फॉलिक अॅसिड मिळतं, ब-१२ मिळत नाही. आईत फॉलिक जास्त आणि ब-१२ कमी, अशा जोडीच्या मुलांत सहा वर्षांच्या वयात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक दिसली. म्हैसूरमध्येही १९९७-९८ मध्ये मिशन हॉस्पिटलात नवा अभ्यास सुरू झाला होता, त्यातल्या ४३ टक्के गरोदर बायकांत ब-१२ कमी होतं. पुणे आणि म्हैसूर, ज्वारी-बाजरी आणि भात-नाचणी, तरी उणीव तीच.

मग मुंबईत प्रयोग झाला. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साडेसहा हजारांहून अधिक बायकांना रोज एक खाऊ दिला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध, निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं साधं काही. आणि हा खाऊ दिवस जाण्याच्या आधीपासून द्यायचा होता. याचं व्यवस्थापन कसं केलं असेल याचा विचार करून एक जुना फौजी म्हणून मला घाम फुटतो. रोज ताजा खाऊ, वस्तीत केंद्र, कुणी किती खाल्लं याची नोंद, लग्न होऊन आलेली, माहेरी गेलेली, खोली बदललेली, सगळ्या बायकांचा माग, आणि हे कित्येक वर्षं.

निकाल २०१४ मध्ये आला. सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅम जास्त. गरोदरपणातला मधुमेह मात्र स्पष्ट कमी झाला: १२.४ टक्क्यांच्या जागी ७.३ टक्के. पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या आकड्याने. आयांचे अंगलटीप्रमाणे तीन गट केले तेव्हा वजनाचा फायदा सगळ्यात जास्त झाला तो अंगाने भरलेल्या आयांच्या बाळांना. अगदी हडकुळ्या आयांच्या बाळांना काहीच फायदा दिसला नाही.

जिला सगळ्यात जास्त गरज, तिलाच मदत लागू पडली नाही. खाऊ तोच, वाटप प्रामाणिक, प्रत्येकीला सारखं. तरीही दरी कमी व्हायच्या ऐवजी वाढली असती. का, याची शक्यता अशी सांगतात की अगदी कृश शरीर आलेलं अन्न आधी स्वतःला सावरायला वापरतं. म्हणजे त्या बाईसाठी तीन महिने फार उशिराचे. तिच्याकडे ती बारा-चौदा वर्षांची असतानाच पोचायला हवं होतं, कदाचित तिच्या आईकडे. समानता आणि समता यांतला फरक मला बुटांच्या उदाहरणापेक्षा या प्रयोगाने जास्त शिकवला.

आता धोरणाकडे येऊ. संशोधन छापून आलं म्हणजे सरकार हलतं, असं समजू नका. दोन्ही राज्यांनी प्रयत्न केले आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. महाराष्ट्रात आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. कर्नाटकाने २०१७ मध्ये मातृपूर्ण योजना तशीच, पण राज्यभर सुरू केली. जेवणात अंडं आणि दूधही धरलं. कागदावर उत्तम. पण शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईने दुपारी एक वाजता काम टाकून अंगणवाडीपर्यंत चालत यायचं, जेवायचं आणि परत जायचं. मुकादम थांबणार आहे का? जी घरी असते, जिचं घर अंगणवाडीला लागून आहे, तीच रोज येते. आणि दोन्ही योजना सुरू होतात बाई गरोदर झाल्यावर. मुंबईचा प्रयोग सांगतो की तोवर बराच वेळ गेलेला असतो.

शाळेतलं अंडं म्हणूनच महत्त्वाचं. कर्नाटकात त्याच्यावरून मठांपासून विधानसभेपर्यंत किती वाद झाला ते मराठी वाचकांना माहीत असेल, महाराष्ट्रातही तो वेगळा नाही. मी स्वतः शाकाहारी घरातला आहे. पण ज्या मुलीच्या घरी अंडं खातात आणि परवडत नाही म्हणून मिळत नाही, तिच्या ताटात काय असावं हे माझ्या घरच्या चालीरीतीने ठरू नये. जी खात नाही तिला केळं द्या, दूध द्या. आमचं नंजनगूड तर रसबाळे केळ्यासाठीच प्रसिद्ध आहे. (ते केळं आता रोगामुळे फार थोड्या शेतांत उरलं आहे, पण तो वेगळ्या भागाचा विषय.) मात्र केळ्यातून ब-१२ मिळत नाही, हे लक्षात ठेवा. तिथे दूधच हवं.

संशोधनापासून धोरणापर्यंत एकाच माणसाने चालत जाण्याचं उदाहरण आमच्या शेजारी आहे. चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. बंगळूरमध्ये एमबीबीएस झालेले डॉ. एच. सुदर्शन ऐन तरुणपणी तिथे गेले. १९८१ मध्ये त्यांनी विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र उभं केलं, पुढे करुणा ट्रस्ट काढून कुष्ठरोगाचं काम केलं आणि मोडकळीला आलेली सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं चालवायला घेतली. १९९४ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पण माझ्या दृष्टीने त्यांचं मोठं काम त्यानंतरचं आहे. १९९९ मध्ये कर्नाटक सरकारने आरोग्यासाठी एक कृतिदल नेमलं आणि त्याचं अध्यक्षपद त्यांना दिलं. २००१ मध्ये आलेल्या त्या अहवालात दुर्लक्षित सार्वजनिक आरोग्य आणि समतेचा अभाव यांच्या बरोबरीने भ्रष्टाचाराचंही नाव स्पष्ट घेतलेलं होतं. सरकारने नेमलेल्या मंडळाने सरकारी आरोग्यखात्यातल्या भ्रष्टाचाराला पहिल्या रांगेत बसवावं, हे रोज घडत नाही. पुढे ते लोकायुक्त कार्यालयात आरोग्याचे दक्षता संचालक झाले.

त्याच सुमारास, २००२ मध्ये, डॉ. नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातल्या १७५ तालुक्यांची मोजणी करून ११४ मागास ठरवले. आपल्याकडे दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला होता, त्याच जातीचं हे काम. दोन्हींत आरोग्य हा एक निकष होता. अशा समितीच्या तक्त्यावर लोक हसतात. पण निधी मागायला उभं राहायचं असेल तर हातात तो तक्ताच लागतो. जिल्ह्याची सरासरी चांगली असते, कारण जिल्ह्याच्या शहरात चार मोठी हॉस्पिटलं असतात. तालुका मोजला की खरं दिसतं, आणि गाव मोजलं की त्याहून खरं.

गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे, म्हणून दोनच आकडे सांगतो. ३९ गावांत त्यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये निकाल छापला गेला: नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं. केंद्र सरकारने ही पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत लागू केली २०११ मध्ये. मध्ये बारा वर्षं. चांगल्या, सिद्ध झालेल्या कामालाही एवढा वेळ लागतो. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याकडे फौजीपेक्षा शेतकऱ्याचा धीर हवा.

आमच्या गल्लीतल्या कारखाना-कामगाराच्या मुलीने मला विचारलं होतं, "अंकल, डॉक्टर न होता हे काम करता येतं का?" येतं. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमपीएच. ती बऱ्याच ठिकाणी विज्ञान, समाजशास्त्र, नर्सिंग अशा पदवीधरांनाही मिळते, फक्त प्रत्येक संस्थेची अट वेगळी, ती अर्जाआधी नीट वाचावी. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, देवनारलाच लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्थेचं अच्युत मेनन केंद्र आहे. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती आधी घालवा, तिच्याशिवाय इथे एक पाऊल चालत नाही. आणि एक स्थानिक भाषा पक्की हवी. म्हैसूरच्या वहीतली माणसं इंग्रजीत प्रश्न विचारून सापडली नसती.

या क्षेत्रात पगार कमी, कंत्राट दोन-तीन वर्षांचं, आणि प्रकल्पाचा पैसा संपला की माणूस रिकामा, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, वडिलांचं कंत्राट तर अकरा महिन्यांचं असतं.

नंजनगूडला फार जुन्या काळापासून लोक बरे व्हायला येतात. टिपू सुलतानाच्या हत्तीची दृष्टी श्रीकंठेश्वराच्या कृपेने परत आली म्हणून त्याने देवाला 'हकीम नंजुंड' म्हटलं आणि पाचूचं लिंग वाहिलं, अशी इथली आख्यायिका आहे. आजही आजारी माणसाच्या नवसाचे लोक मंदिराभोवती लोटांगण घालताना दिसतात. त्यांत बायका जास्त असतात, आणि बहुतेकींची अंगकाठी पाहून माझ्या मनात पहिला विचार येतो तो वहीतल्या त्या ४५ किलोच्या रेघेचा.

मिशन हॉस्पिटलात १९९७-९८ मध्ये मोजलेली बाळं आता पंचविशी ओलांडून गेली आहेत. संशोधकांनी त्यांची लहानपणापासून पुन्हा पुन्हा तपासणी केली आहे. त्यांच्यातल्या मुली आता आया होण्याच्या वयात आहेत, आणि पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या मुलींचंही तेच वय आहे. पुण्यात २०१२ पासून त्या किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ च्या गोळ्या देऊन पाहायला सुरुवात झाली, लग्नाच्या आधी, पुढच्या पिढीसाठी.